दहा लाख व्ह्यूज झाले, पैसे किती आले? तबकडीपासून रीलपर्यंतचा हिशेब

"दहा लाख व्ह्यूज झाले म्हणे, मग पैसे किती आले?"

हा प्रश्न हल्ली पारावर निघतो, लग्नाच्या पंगतीत निघतो आणि दहावी-बारावीचा निकाल लागला की घरात निघतो. माझं काम हिशेबाचं. जुन्नर-आंबेगाव भागातल्या दुकानदारांची, व्यापाऱ्यांची रिटर्न्स भरतो. गेल्या चार-पाच वर्षांत माझ्या टेबलावर रील बनवणाऱ्या पोरापोरींच्या फायलीही यायला लागल्या. सोबत आई किंवा वडील असतात आणि त्यांना एकच गोष्ट विचारायची असते. यात पैसा आहे का? पोराला नोकरी सोडू द्यायची का? महागडा फोन हप्त्यावर घेऊन द्यायचा का?

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कारण छोटी कला सादर करून पैसे मिळवणं हा धंदा मोबाईलच्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि त्यात दर कोण ठरवतं, हा झगडाही तेवढाच जुना आहे. तो समजला की आजचं गणित समजतं. पोस्ट मोठी आहे मंडळी, चहा घेऊन बसा.

१) तीन मिनिटांची तबकडी

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. तास-दीड तास रंगणारी गायकी तीन मिनिटांत बसवायची, म्हणजे आलाप छाटायचा, मुखडा लगेच घ्यायचा आणि तान मारून संपवायचं. "पहिल्या तीन सेकंदांत पकडलं नाही तर लोक पुढे सरकवतात," असं आज रीलवाला सांगतो. जातकुळी तीच.

गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. कोण गातंय हे तिथल्या माणसाला कळून लेबल बरोबर लागावं, म्हणून ही युक्ती. आपल्या भाषेत वॉटरमार्क.

गौहर जान यांनी मोठी रक्कम मागितली आणि ती मिळवलीही. कारण त्यांचं नाव मैफिलीत आधीच झालेलं होतं, तबकडीने ते केलेलं नव्हतं. ज्यांचं बाहेर नाव नव्हतं त्यांना कंपनी देईल ते घ्यावं लागायचं. एकदा पैसे हातात पडले की पुढे तबकडी शंभर खपली काय आणि लाख खपली काय, गाणाऱ्याचा संबंध संपला.

हे पुढे कितीतरी दशकं चाललं. १९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांनाही रॉयल्टी मिळाली पाहिजे, अशी मागणी लावून धरली. महंमद रफींचं मत वेगळं होतं. मानधन घेतलं की आपला हक्क तिथे संपतो, असं ते मानायचे. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत, ही गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. कायदा बदलायला मात्र २०१२ साल उजाडावं लागलं. कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारातून काढून घेता येणार नाही असं ठरलं आणि गायकांसाठीही तरतूद आली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय तिथे लढवला.

१९०२ ते २०१२. एकशे दहा वर्षं. हा आकडा लक्षात ठेवा.

२) आपल्या राहुट्या

आता लांब कशाला जायचं, नारायणगावात या. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, चार राहुट्या फिरतात, फडात कलाकार कोण, माणसं किती, आपली तारीख मोकळी आहे का ते विचारतात, घासाघीस करतात, इसार देतात आणि सुपारी ठरते. ज्या तिथीला जास्त गावांच्या यात्रा, त्या तिथीचा भाव चढा.

या व्यवस्थेत एक फार मोठी गोष्ट आहे आणि ती रोज डोळ्यासमोर असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. विकणारे सगळे एका जागी, शेजारी शेजारी बसतात. शेजारच्या राहुटीत काय भाव फुटला हे अर्ध्या तासात कळतं. त्यामुळे कुणी फार स्वस्तात जात नाही आणि गाववाल्यांनाही फार लुटता येत नाही. दर ठरायला जागा लागते, ती इथे आहे.

याच धंद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फडमालकाला दर मिळतो, पण फडातला कलाकार उचल घेऊन बांधलेला असतो. हंगामाआधी उचल घ्यायची, दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरायचं, फिटली तर फिटली, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच फडात. विठाबाई नारायणगावकरांचं उदाहरण तर आपल्या गावचंच आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, अख्खा महाराष्ट्र नाव घ्यायचा, आणि शेवटच्या दिवसांत औषधपाण्याला पैशांची ओढाताण. २००२ साली त्या गेल्या. नंतर सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. टाळ्या, शिट्ट्या, दौलतजादा हे सगळं दिसत होतं. ते म्हाताऱ्या वयापर्यंत पुरेल अशी सोय कुणी केली नव्हती.

लाइक आणि फॉलोअर मोजताना मला हे आठवतं.

३) सहा सेकंदांचं व्हाइन

मोबाईलवरच्या छोट्या व्हिडिओचा पहिला मोठा बाजार अमेरिकेत भरला. जानेवारी २०१३ मध्ये ट्विटरने व्हाइन नावाचं ऍप आणलं. व्हिडिओ फक्त सहा सेकंदांचा. पोरं रातोरात स्टार झाली, पण ऍप त्यांना दमडी देत नव्हतं. पैसे यायचे ते बाहेरच्या कंपन्यांच्या जाहिरातीतून.

२०१५ मध्ये व्हाइनवरचे अठरा मोठे कलाकार एकत्र आले आणि कंपनीसमोर बसले. मागणी अशी की प्रत्येकाला १२ लाख डॉलर द्या, ऍपमध्ये काही सुधारणा करा, आम्ही प्रत्येकी महिन्याला बारा व्हिडिओ देतो. कंपनीने नाही म्हटलं. ही मंडळी यूट्यूबकडे, इन्स्टाग्रामकडे निघून गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये व्हाइन बंद करण्याची घोषणा झाली. बंद पडायला इतरही कारणं होती. पण माल पुरवणारे उठून गेले की बाजार ओस पडतो, हे सगळ्या कंपन्यांनी तेव्हा पाहिलं.

४) लांब व्हिडिओला वाटा, छोट्याला का नाही?

यूट्यूबने २००७ मध्येच भागीदारीची योजना सुरू केली होती. लांब व्हिडिओवर लागणाऱ्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के बनवणाऱ्याला. इथे हिशेब सरळ आहे. तुमच्या व्हिडिओआधी जाहिरात लागली, म्हणजे ती तुमच्यामुळे पाहिली गेली, वाटा तुमचा.

पंधरा सेकंदांच्या व्हिडिओला ही सोय नाही. पंधरा सेकंदांच्या गमतीआधी पंधरा सेकंदांची जाहिरात लावली तर बघणारा थांबणारच नाही. म्हणून जाहिरात दोन व्हिडिओंच्या मध्ये येते. मग ती कुणाची? आधीच्याची की नंतरच्याची? सांगता येत नाही. एकदा हे सांगता येईनासं झालं की पैसे कंपनीच्या गल्ल्यात एकत्र पडतात आणि कुणाला किती द्यायचे ते कंपनी ठरवते. छोट्या व्हिडिओच्या कमाईचं सगळं दुखणं इथून सुरू होतं.

५) जिओ, टिकटॉक आणि २९ जून

आपल्याकडे ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये म्युझिकली टिकटॉकमध्ये विलीन झालं. त्यानंतर जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांना कधी नाटकात काम मिळालं नसतं, टीव्हीच्या गेटवर उभं केलं नसतं, अशी माणसं दिसायला लागली. शेतमजूर, गवंडी, भाजीवाल्या मावश्या. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी लाज न बाळगता बोलली जायला लागली. हे या माध्यमाचं मोठं काम आहे आणि नाकं मुरडणाऱ्यांनी ते मान्य करावं.

पण टिकटॉक इथे जाहिरातीच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा देत नव्हतं. पैसे होते ते गाण्याच्या किंवा वस्तूच्या प्रमोशनचे.

धोक्याची घंटा एप्रिल २०१९ मध्ये वाजली होती. मद्रास उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर ऍप काही दिवस प्ले स्टोअरवरून गायब झालं, मग आदेश उठला. लोक विसरले. नंतर २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ऍप्सवर बंदी घातली. कंपनीच्याच सांगण्यानुसार टिकटॉकचे भारतात सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. ज्यांचे लाखो फॉलोअर होते त्यांच्या हातात दुसऱ्या दिवशी काय उरलं? यादी नाही, फोन नंबर नाही, साठवलेले व्हिडिओ असले तर असले. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, सीमेवर काय घडलं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी बोलतोय ते कमाईबद्दल.

त्याच वर्षी लॉकडाऊनमुळे यात्रा बंद पडल्या आणि राहुट्याही. फडमालक बुडाले, कलाकारांचे हाल झाले. तरी फडाकडे गावांची वही होती. कोणत्या गावाची यात्रा कधी, कमिटीत कोण, फोन नंबर काय. यात्रा सुरू झाल्यावर त्याच वहीतून फोन गेले. टिकटॉकवाल्याकडे वहीच नव्हती. त्याचे प्रेक्षक कंपनीच्या वहीत होते.

आणखी एक गंमत बघा. भारतातली बंदी झाली आणि जुलै २०२० मध्ये टिकटॉकने कलाकारांना पैसे देणारा फंड जाहीर केला. अमेरिकेत.

६) फंड आला, गल्ला आला

मोकळ्या जागेत सगळे धावले. इन्स्टाग्रामने जुलै २०२० मध्ये रील्स आणलं, यूट्यूबने सप्टेंबरमध्ये शॉर्ट्स, तेही जगात आधी भारतात. मोज, जोश, टकाटक, चिंगारी अशी देशी ऍप्सही होती. गुंतवणूकदारांचा पैसा होता तोवर मोठ्या चेहऱ्यांना ऍपवर येण्यासाठी पैसे मिळाले. २०२२ मध्ये मोज आणि टकाटक एकत्र झाले. गिऱ्हाईक दोनाचं एक झालं की विकणाऱ्याचं काय होतं ते टोमॅटोवाल्याला सांगायला नको.

यूट्यूबने २०२१ मध्ये १० कोटी डॉलरचा शॉर्ट्स फंड जाहीर केला. फंडाची अडचण अशी की भाकरी तेवढीच राहते आणि पंगत वाढत जाते. शेवटी १ फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सवर जाहिरातीचा वाटा सुरू झाला. तो कसा मोजतात ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांतला गैरसमज इथेच आहे.

शॉर्ट्सच्या मध्ये लागणाऱ्या जाहिरातींचे पैसे एकत्र केले जातात. व्हिडिओत एक गाणं वापरलं असेल तर त्या व्ह्यूजमागचे निम्मे पैसे संगीताच्या परवान्यासाठी बाजूला जातात. दोन गाणी असतील तर दोन तृतीयांश. उरलेले पैसे कलाकारांच्या सामाईक गल्ल्यात. त्या देशातल्या एकूण व्ह्यूजमध्ये तुमचे जेवढे, तेवढा तुमच्या नावावर हिस्सा. त्या हिश्शातले ४५ टक्के तुमचे, ५५ यूट्यूबचे.

म्हणजे लांब व्हिडिओत ५५ तुमचे होते, इथे ४५, आणि तेही गाणेवाल्यांचं काढून झाल्यावर. गाणेवाल्यांचं आधी का निघतं? त्यांच्यामागे कायदा आहे, कंपन्या आहेत, सोसायट्या आहेत. एकशे दहा वर्षं भांडून ती जागा मिळाली आहे. नाचणाऱ्याच्या, बोलणाऱ्याच्या मागे कुणी नाही.

बरं, हा वाटाही मिळायला सुरू कधी होतो? १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, किंवा लांब व्हिडिओचे वर्षात ४,००० तास. शॉर्ट्स फीडवर पाहिलेला वेळ त्या चार हजार तासांत धरत नाहीत. शिवाय मार्च २०२५ च्या अखेरपासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजला जातो, पण पैशांसाठी वेगळे, थांबून पाहिलेले व्ह्यूज धरतात. स्क्रीनवर दिसणारा आकडा आणि पैसे देणारा आकडा आता एक राहिलेला नाही. दहा लाख व्ह्यूजवाल्या पोराच्या फायलीत फारसं काही का दिसत नाही, हे त्याच्या आईला मी असंच कागदावर मांडून दाखवतो.

मराठीचा आणखी एक मुद्दा. जाहिरातीचा भाव बघणारा कोणत्या देशात आहे त्यावर ठरतो. आपला बघणारा मुख्यतः महाराष्ट्रात. अमेरिकेतल्या प्रेक्षकाच्या मानाने इथल्या व्ह्यूमागे कमी पैसे येतात. कष्ट तेवढेच, भाव इथला.

जाता जाता एक सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत करता येतो. फिरून आपण गौहर जान यांच्या तबकडीच्या लांबीवर आलो.

७) मग फायलीत पैसा दिसतो कुठे?

इन्स्टाग्रामच्या रीलला व्ह्यूजमागे ठरलेला वाटा आपल्याकडे मिळत नाही. तरीही काही जणांची फाईल भरलेली असते. ती भरते आजूबाजूच्या बाजारातून. साडीचं दुकान, मिसळ हाऊस, ट्रॅक्टरचं शोरूम, कृषी पर्यटन, बियाणं-खतांच्या कंपन्या, आणि निवडणूक आली की इच्छुक उमेदवार. म्हणजे हा सरळ सुपारीचा धंदा आहे. फरक एवढाच की इथे राहुटी नाही. प्रत्येक पोरगं एकटं बसलेलं आहे आणि शेजारच्याने किती घेतले हे त्याला माहीत नाही. एकाच कामाचे एकाने पंधरा हजार घेतलेत आणि दुसऱ्याने दोन वेळचं जेवण, असं मी स्वतः पाहिलंय. एका शोरूमने तर रील टाकून घेतलं आणि पैशांच्या वेळी "तुझंच नाव झालं की" म्हणून वाटेला लावलं. लेखी काहीच नव्हतं, भांडणार कशावर?

आणि घेताना जबाबदारीही येते. जानेवारी २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे किंवा वस्तू घेऊन केलेलं प्रमोशन तसं स्पष्ट सांगावं लागतं, आणि ज्या भाषेत व्हिडिओ त्याच भाषेत. मराठी रील असेल तर 'जाहिरात' असं लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रमीच्या ऍपची जुनी रील कुणाच्या पेजवर असतील तर आज काढा. जुलै २०२२ पासून प्रमोशनसाठी मिळून ठेवून घेतलेल्या वस्तूंची किंमत वर्षात २० हजारांच्या वर गेली तर त्यावर १० टक्के टीडीएस आहे. फोन फुकट मिळाला म्हणजे करातून सुटला असं नाही.

८) आता काय करायचं?

माझ्या टेबलावर येणाऱ्यांना मी चार गोष्टी सांगतो. व्ह्यूजच्या पैशांवर घर चालेल असं धरून नोकरी, दुकान, शेती सोडू नका. तो पैसा आला तर वरकड समजा. फोन हप्त्यावर घ्यायचा असेल तर हप्ता आजच्या कमाईतून जातोय का ते बघा, उद्याच्या व्हायरलमधून नाही. प्रत्येक सुपारी लिहून घ्या, निदान व्हॉट्सऍपवर. काम काय, किती रील, पैसे कधी, निम्मा इसार आधी. आणि आपली वही ठेवा. गिऱ्हाइकांचे नंबर, मूळ व्हिडिओ, दोन-तीन ठिकाणी खाती. ऍप उद्या बंद झालं तर तुमच्याकडे काय उरेल, एवढं दर सहा महिन्यांनी स्वतःला विचारा.

पण एकट्याने जपून वागल्याने दर वाढत नाही. तालुक्यातल्या रील बनवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं, कुणी कोणत्या कामाचे किती घेतले ते एकमेकांना सांगावं, पैसे बुडवणाऱ्यांची यादी करावी. राहुटी लागते त्या गावात हे जमणार नाही तर कुठे जमेल? ग्रामपंचायतीने, बाजार समितीने किंवा एखाद्या महाविद्यालयाने बसायला एक हॉल द्यावा, एवढीच मागणी.

लोकप्रतिनिधींसाठीही एक प्रश्न आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'प्लॅटफॉर्म कामगार' हा शब्द आला. कोणत्या प्रकारच्या कंपन्यांनी अशा कामगारांच्या सुरक्षा निधीत पैसे भरायचे, त्याच्या सातव्या अनुसूचीत टॅक्सी आणि जेवण पोचवणाऱ्या कंपन्यांच्या बरोबरीने 'कंटेंट आणि मीडिया सेवा' असाही प्रकार लिहिलेला आहे. मग गावोगावच्या या पोरांची नोंदणी त्यात कशी होणार? आपल्या खासदारांना, आमदारांना हे विचारा. निवडणुकीत त्यांना रील करून द्यायला हीच पोरं लागतात, तर हा प्रश्न विचारायचाही त्यांना हक्क आहे.

गाणेवाल्यांना एकशे दहा वर्षं लागली. विठाबाईंच्या पिढीतल्या कित्येकांचं आयुष्य वाट बघण्यात गेलं. या पोरांना तेवढा वेळ लागू नये.

ज्या घरात सध्या हा विषय चालू आहे तिथे ही पोस्ट पोचवा. आणि जुन्नर-आंबेगाव-खेड भागात रील बनवणारं कुणी वाचत असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. पहिली बैठक कुठे घ्यायची ते त्यावरून ठरवू.